योलांताच्या घरची वाट

२ नोव्हेंबर

मेलेल्यांचा दिवस, आणि मी घरात! ल्युत्सिया सकाळपासून हटून बसली — बूट घालणार नाही, कबरस्तानात येणार नाही. धाकटी बहीण म्हणून सगळ्यांनी लाडावून ठेवली, आता आठवण पार गेली तरी हट्ट तेवढा शिल्लक आहे. तिला एकटीला टाकून जाता येत नाही. माझ्याही छातीत जिन्यावरच कळ आली. शेवटी आईच्या कबरीवर लावायची मेणबत्ती खिडकीत लावली. काय करणार! आई समजून घेईल. जिवंतपणी तरी कुठे घ्यायची म्हणा.

४ नोव्हेंबर

ल्युत्सिया पळाली! मी काळा पाव आणायला गेले तेवढ्यात. जिला घरातलं न्हाणीघर सापडत नाही तिने कुलूप उघडलं! स्तिक्लिउ गल्लीपासून टाउन हॉलच्या चौकापर्यंत हाका मारत फिरले. पिलिएस रस्त्यावर यादविगा पिवळ्या अंबरमण्यांच्या माळा विकायला बसते, तिला विचारलं.

"अगं, आत्ता तर दोघी गेलात इथून! हातात हात घालून. मी हाक मारली तर वळलीसुद्धा नाहीस. शिष्ट कुठली!"

म्हटलं, बाई, डोळे तपासून घे.

घरी आले तर ल्युत्सिया खुर्चीत. गाल गार, बुटांना चिखल. बूट कुणी घातले? म्हणाली, "आईने." नाड्यांना दुहेरी गाठ होती. मी तशी मारत नाही.

५ नोव्हेंबर

आजही गेली. मी झोपले होते दुपारची — झोपले कसली, दम लागून पडले होते.

७ नोव्हेंबर

यादविगाने थांबवलं. आज थट्टा नाही. "पेत्रोनेले, तुझ्याकडे डोक्याला बांधायचा हिरवा रुमाल आहे का गं?"

नाही. आईचा होता. तिच्यासोबतच पुरला.

यादविगाने छातीवर क्रुसाची खूण केली. "यंदा मेणबत्ती कुठे लावलीस?" सांगितलं. ती खेकसलीच! "कबरीवर लावतात ती त्यांना तिथे उजेड हवा म्हणून. खिडकीत लावलीस म्हणजे घरी बोलावलंस! एवढंही कळत नाही?"

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. घरी येऊन खिडकी पुसून काढली.

९ नोव्हेंबर

आज मुद्दाम कुलूप लावलं नाही. मागे मागे गेले. ट्रॉलीबसमध्ये तिकिटं तपासण्यात जन्म गेला माझा, माणूस नजरेतून सुटत नाही.

ल्युत्सिया एकटीच होती. म्हणजे मला एकटीच दिसली. पण उजवा हात कोपरात वाकवलेला, कुणाचा तरी दंड धरल्यासारखा. लितेरातु गल्ली एवढीशी, समोरून दोन पोरी हसत येत होत्या — तिला वाट द्यायला एक पाऊल पुरलं असतं. पण त्या पार भिंतीला चिकटल्या, दोन माणसं जाऊ द्यावीत तशा. एक तर "माफ करा आजी" म्हणाली. म्हणाली ती ल्युत्सियाच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून!

तरी चालले.

ल्युत्सिया मोठ्याने घोकत होती. "लाल चर्च डाव्या हाताला... आपण उजवीकडे... मग पूल." शाळेत पाढे म्हणायची तोच सूर. पुलावर थबकली. चुकीच्या बाजूला वळली आणि एकदम हात मागे घेतला, कुणी चापट मारल्यासारखा. मग बरोबर वळली. पाण्यावर धुकं होतं. मला पुढे जाववेना.

ती परतली तेव्हा विचारलं, कुठे नेते तुला? तर तोंडावर बोट ठेवते. "पेत्रोनेलेला सांगू नकोस." मलाच!

१० नोव्हेंबर

योलांताचा फोन. आमच्या भावाची मुलगी, पुलापलीकडे उजुपिसमध्ये राहते. भाऊ गेल्यापासून आमची तीच. रडवेली झाली होती. "आत्या, रागावलीस का माझ्यावर? रोज तुम्ही दोघी फाटकाशी येऊन उभ्या राहता, मी खाली येईपर्यंत गायब! काल बटाट्याचं कुगेलिस भाजलं होतं तुमच्यासाठी."

काय सांगू पोरीला? म्हटलं, पाय मोकळे करायला येतो.

"आधी डॉक्टरकडे जा," म्हणाली. "फोनवरसुद्धा धापा ऐकू येतात तुझ्या."

१२ नोव्हेंबर

टॅक्सी करून कबरस्तानात गेले. ल्युत्सियाला यादविगाजवळ बसवून. कबरीवर मेणबत्ती लावली आणि आईला चांगलं फैलावर घेतलं. इकडे तिकडे माणसं होती, असू देत! म्हटलं, तिला नेण्यासाठी आली असशील तर खबरदार. आयुष्यभर तुला तीच लाडकी, ठाऊक आहे मला. पण आता ती माझी आहे. तिचे केस मी विंचरते, तिला घास मी भरवते. ती गेली तर सकाळी उठायचं कशासाठी मी?

रडले. त्या थंडीत, भर माणसांत. लाज नाही वाटली.

१५ नोव्हेंबर

कुणी आलं नाही. ल्युत्सिया घरीच. आईने ऐकलं म्हणायचं — जन्मात पहिल्यांदा!

१७ नोव्हेंबर

ल्युत्सियाने पिशवी भरली. झोपायचा झगा, लोकरी मोजे, कंगवा. मी काढून ठेवते, ती पुन्हा भरते. माझी एकही वस्तू घेत नाही. वाईट वाटलं. छाती दिवसभर जड.

१८ नोव्हेंबर

उठले तर ल्युत्सिया नाही. बूट नाहीत, पिशवी नाही. जिना उतरवेना. कठड्याला धरून उभी होते, तेवढ्यात फोन वाजला. योलांता.

"आत्या, ल्युत्सियाआत्या आलीये! एकटी! स्वतः घंटा वाजवली! म्हणते, आता मी इथेच राहायचं. म्हटलं, आज दोघी नाही आलात? तर म्हणते, आई आज येणार नव्हती. मला आता वाट येते, म्हणून ती पेत्रोनेलेकडे गेलीये... आत्या? ऐकतेयस ना? उंबरठ्यातच उभी आहे गं ही, आत ये म्हटलं तर आधी तुला विचारायला सांगते. कधी येतेस न्यायला?"

म्हटलं, आत घे तिला. राहू दे तिथेच.