‘फॉर’ की ‘टू’

बाभुळगाव, मंगळवार, एप्रिल १९६१

विहिरीचा कागद साहेबांकडून पुन्हा परत आला. ‘लोक विहिरीची वाट पाहत आहेत’ एवढंच इंग्रजीत वर कळवायचं. ‘वेट’च्या पुढे मी ‘फॉर’ लिहिलं, साहेबांनी लाल पेन्सिलीनं ‘टू’ केलं. तसं टाईप करून नेलं, तर आज त्याच लाल पेन्सिलीनं पुन्हा ‘फॉर’. तुम्हीच बदललं होतं, असं म्हणायचं होतं. कायले म्हणा? थकलो.

कचेरीबाहेर बौद्धपुऱ्यातली सखूबाई बसली होती. विहीर त्यांच्याचसाठी; नाल्यात पाण्यासाठी खणलेला झिरा आटलाय त्यांचा.

“बाबूजी, आमचं काई चुकलं का?”

“नाही बाई, एक शब्द चुकला.” कोणाचा, ते सांगितलं नाही.

“मंग आमाले सांगा ना तो शब्द. आमी तसंच म्हणू.”