तीस किलोमीटरवरची ऊब

९ जानेवारी
सकाळचा हवामानाचा फुगा तीस किलोमीटरवर फुटला. फुटण्याआधी कळवून गेला – तिथलं तापमान आठवड्यात चाळीस अंशांनी वाढलंय! यंत्र बिघडलं समजून दुसरा सोडला. तोच आकडा. म्हणजे डोंगरांवरून उठलेली वाऱ्याची एखादी अवाढव्य लाट वर जाऊन फुटली. ध्रुवाभोवतीच्या वाऱ्यांच्या कड्यात कोंडलेली थंडी आता मोकाट सुटणार. दोन-तीन आठवड्यांत. कुठे उतरेल, कोण सांगणार!

१० जानेवारी
साहेब म्हणाले, "अंदाज राजधानीतून येतो, तुंगालाग. आपण आकडे पाठवायचे. अफवा नकोत."
तरी दावाला फोन केला. सख्खा धाकटा भाऊ. तो आणि शेजारचा गानखुयाग कळप घेऊन खिंडीपलीकडच्या कुरणावर निघालेले. म्हटलं, "जाऊ नकोस. इथे दगडी गोठा आहे, थोडं वाळलं गवत आहे." हसला – "वर ऊब, म्हणून खाली थंडी? ताई, आपल्या खारट चहात मिठाऐवजी काय घातलंस आज?" पण थांबला. गानखुयाग गेला.

१६ जानेवारी
काही नाही. उणे अठरा. लख्ख ऊन.

२१ जानेवारी
दावाचा फोन. गवत संपत आलं, मेंढ्या एकमेकींची लोकर चावताहेत. गानखुयागने पलीकडून टोमणा मारला म्हणे, "गोठ्याच्या उबेतून बाहेर निघ की आता!"
"ताई, अजून किती दिवस?"
मला तरी काय माहीत! थंडी युरोपात उतरली, तर त्याची जनावरं माझ्या शब्दापायी उपाशी मरतील.

२२ जानेवारी
गानखुयागची बायको दुल्मा इथल्या शाळेत शिकवते; शाळेतून परस्पर कचेरीत आली. "हवा कशी राहील गं?" राजधानीचा कागद वाचून दाखवला – साधारण. तिच्याकडे बघवेना.

२७ जानेवारी
दर तासाला उठून तापमापकापाशी जाते. साहेब म्हणतात, "तुला काय चावतंय?"

३१ जानेवारी
हवेचा दाब चढतोय. वायव्येकडून थंडी उतरतेय. साहेबांना न विचारता गानखुयागला फोन लावला. लागेना. सात वेळा!

२ फेब्रुवारी
उणे सत्तेचाळीस. वारा. खिंड बर्फाने बुजली. दावाची जनावरं गोठ्यात सुखरूप.

४ फेब्रुवारी
वारा पडला. दावा दोन घोडे घेऊन खिंडीकडे गेला. मी अडवलं नाही.

७ फेब्रुवारी
दोघं परतले. गानखुयागची तीन बोटं काळी पडलीत. त्याच्या सहाशेतली चाळीस जनावरं उरली. दुल्मा माझे हात धरून रडली – "देवानेच तुझ्या भावाला थांबायची बुद्धी दिली, म्हणून माझा नवरा सापडला."
मी खरं सांगितलं – त्याला मीच थांबवलं होतं. तिने हात सोडले.