जोडशिंक

पुरुषोत्तमनगर
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

चि. रवू,

गोकुळदादाचे आशीर्वाद घे, आणि पत्र पाहून हसू नकोस. या जमान्यात पत्र कसलं, असं म्हणशील. पण तुमच्या नाशिकच्या अकॅडमीत फोन रविवारीच हातात देतात आणि रविवारी आई माझ्या मांडीला मांडी लावून बसते. स्पीकर लाव म्हणते. तिच्यासमोर जे बोलता येत नाही ते लिहितोय. आपल्या बोलीत लिहायची सवय कधी लागलीच नाही, म्हणून हे शाळेतलं मराठी.

आधी मुद्द्याचं सांगतो, नाहीतर पाल्हाळ लावत बसेन. दिवाळीला घरी येऊ नकोस.

कारण विचारशील. कारण गाजरगवत. यंदा पाऊस हटलाच नाही, आणि आता बांधाबांधावर ते मेलं कमरेएवढं फुललंय. बापानं आपल्याला जमीन ठेवली नाही, शिंका तेवढ्या तिघांना सारख्या वाटून दिल्या. तू शहाद्याच्या स्टँडवर उतरलीस की शिंकत सुटशील, डोळे सुजतील, आणि भरतीच्या मैदानाची सगळी तयारी पाण्यात जाईल. एवढं कारण पुरेसं वाटत असेल तर पत्र इथंच घडी घालून ठेव.

नाही ना ठेवलंस? लहानपणापासून अशीच तू.

बाकी घरी ठीक. शेळी व्याली, दोन्ही पाटीच झाल्या, बोकड एकही नाही, आई खूश आहे. मी हीरालालशेठच्या किराणा दुकानातच आहे. सणासुदीचे दिवस, साखरेची पोती उचलून कंबर बोलायला लागली. आणि एक सांगायचं म्हणजे मी पुन्हा पळायला लागलो होतो. हो, मीच. पोट सुटलं होतं, जिना चढलो तरी छाती शिट्टी वाजवायची. शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुरू करा, नाकाला रुमाल बांधा, आल्यावर मिठाच्या पाण्यानं नाक धुवा. शिंकांची गोळी पण दिली त्यांनी. पण ती रात्री घेतली की सकाळी डोकं जड आणि पाय लाकडाचे. म्हणून मी ती घेतच नव्हतो. पत्र्याच्या पेटीतून बूट काढले. दोन जोड होते, त्यातले माझे घेतले.

तुझ्या लक्षात आलं असेल, मी त्याचं नाव टाळतोय. पवन. घे, लिहिलं. आपल्या पवनला जाऊन अजून वर्ष झालं नाही, आणि मी त्याच प्रकाशा रोडनं पळायचो. दुसरीकडे कुठे पळणार? शेतात चिखल, गावात कुत्री. ज्या वळणावर त्या धुक्यात त्याला उसाच्या ट्रॉलीनं उडवलं, तिथून मी रोज जायचो. आता सवय झाली, असं लिहिणार होतो. झालेली नाही.

रवू, तुला आपला खेळ आठवतो? घरातून निघताना एकटी शिंक आली की आपल्याकडे माणूस पुढे जात नाही. दारातच बसतो, पाणी पितो, कुणी कामच मोडून टाकतो. पण लगेच दुसरी आली की जोडशिंक झाली, वाट मोकळी. मग आपण काय करायचो? एकानं शिंकलं की दुसऱ्यानं मुद्दाम नाकात गवताची काडी घालायची! आई ओरडायची, असल्या गोष्टींशी खेळू नका रे. माझ्या शिंका रांगेनं येतात, तुझ्या मांजरीसारख्या. पवनची मात्र नेहमी एकच. मोठी, आणि शेवटी ती बारीक किंचाळी. कोंबड्या दचकायच्या.

तीच शिंक मला त्या वळणावर ऐकू आली.

उजाडत होतं. डाव्या हाताचा ऊस तोडणीला आलाय, चांगला दीड पुरुष उंच. आतून एकच शिंक आली आणि शेवटची ती किंचाळी. वाटलं, गवत कापायला कुणी आलं असेल. मग माझं नाक चुरचुरलं. आता गवतच तेवढं होतं, मी काय करणार? रुमालातच शिंकलो. आणि ऊस हलला, माझ्या मागे रस्त्यावर कुणीतरी आलं.

मागे वळलो नाही. पळत राहिलो. पावलं माझ्या पावलांशी बरोबर पडत होती, ना पुढे ना मागे. पुढे दूधवाला दगाआप्पा सायकलवर समोरून आला. थांबला, डोळ्यांवर हात धरून माझ्या पाठीकडे बघत राहिला. म्हणाला, "काय रे गोकुळ, तुन्हा मांगे कोन पयी ऱ्हायना व्हता?" मी म्हटलं, कोणी नाही आप्पा. त्यानं पुन्हा एकदा पाहिलं आणि सायकल मारली.

आता जे लिहितो त्याचा राग मानू नकोस. मला बरं वाटलं. घाबरलो होतोच, पण इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा छाती मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी मी लवकर उठून गेलो, लग्नाला जातात तसा. तो वळणापासून पुलापर्यंत आला आणि थांबला. थांबून शिंकला. मी दिली दुसरी. मग पुलाच्या पुढे आला. मग निंबापर्यंत. जिथं थांबायचा तिथं एक शिंक द्यायचा आणि वाट पाहायचा. मी त्याला वाट मोकळी करत करत घराकडे आणत होतो आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. गाढव आहे मी.

एके दिवशी अंगणाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा कळलं. एवढं पळून मी कुत्र्यासारखा धापा टाकत होतो आणि माझ्या मागे श्वासाचा आवाजच नव्हता. पावलं होती, शिंक होती, श्वास नव्हता. मी आत शिरलो आणि फाटकाची कडी घातली. बाहेर शिंक आली. माझं नाक हुळहुळलं, ते मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी आलं, कानांत दडे बसले, पण सोडलं नाही.

त्या दिवसापासून गोळी घेतोय. पाय लाकडाचे तर लाकडाचे. पळणं बंद केलं तरी तो रोज उजाडताना फाटकाशी येतो. तू आलीस तर तू शिंकणार, तुझ्या हातात ते नाही. म्हणून येऊ नकोस म्हणालो.

शुक्रवार

पत्र पेटीत टाकायचं राहिलं, बरंच झालं. पुढचं लिहितो.

काल दुकानात शेठ म्हणाले, "गोकुळ, तुन्ही माय तपकीर कवयपाईन लेवाले लागनी रे?" मी म्हटलं, शेठ, माझी आई तर विडीलाही शिवत नाही. म्हणे मी माल उतरवायला गेलो होतो तेव्हा ती येऊन डबी घेऊन गेली. घरी येऊन पाहिलं, डबी तिच्या उशाखाली. मी उचलून खिशात टाकली.

आई चुलीपाशी होती. न वळता म्हणाली, "ठेव ती जागेवर." मग मी आवाज चढवला. आई, बाहेर कोण आहे ते तुला माहीत आहे का? तर म्हणते, "माझ्या पोरांच्या शिंका मला शिकवतोस?"

तिला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं, रवू. मी समजत होतो तिच्यापासून लपवलंय.

डोंगरातून फुलीमावशी आली होती, तिला असल्या गोष्टी कळतात, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्याला दवाखान्यातून सरळ जाळायला नेलं, तो घरी आलाच नाही, म्हणून येतोय. मी विचारलं, मग येऊ दिला तर काय होईल? म्हणाली, जोडशिंकेवर जो आत येतो तो जोडीनंच बाहेर पडतो, एकटा जात नाही. आणि जेवायला न थांबता निघून गेली.

हे मी आईला सांगितलं. वाटलं, घाबरेल. ती भाकरी उलटत म्हणाली, "मग मी जाईन की त्याच्याबरोबर. माझं काय राहिलंय आता?" असा राग आला मला! म्हटलं, आम्ही दोघं उरलोय ना अजून, रवूचं आणि माझं काय? तेव्हा तिनं तवा खाली ठेवला आणि जे सांगितलं ते मी तुला सांगणार नव्हतो. पण तू तिच्याशी नीट बोलत नाहीस, रविवारी हो-नाही करून फोन ठेवतेस. अंधारात एकट्याला जाऊ दिलं म्हणून तू तिच्यावर राग धरून बसली आहेस, मला कळतं. म्हणून ऐक.

त्या सकाळी मी शेठबरोबर नंदुरबारला होतो. पवन बूट बांधून दारात उभा होता आणि तो शिंकला. एकच. मग आपल्या सवयीनं थांबला. दुसरी येईना. तुझ्यासारखीच त्याचीही भरती जवळ आली होती, उशीर होत होता, चुळबुळ करत होता बिचारा. हसून म्हणाला, आई, दे ना दुसरी. आणि आईनं दिली. जन्मभर आपल्याला ओरडली, आणि त्या दिवशी पोराला उशीर नको म्हणून तोंडानंच खोटी शिंक केली. तो 'वाट मोकळी' म्हणून उड्या मारत गेला.

"खोटी देऊन मी त्याला घालवला," आई म्हणाली. "आता एक खरी देऊ दे रे. आत येऊ दे त्याला."

मी ढसाढसा रडलो, रवू. तिच्या दुःखापुढे माझी भीती ती काय! रडून झाल्यावर डबी काढली आणि तिच्या हातात दिली.

उद्या सकाळी फाटक उघडं राहील. मी पळायला जाणार नाही, पण बूट घालून उंबऱ्यावर बसणार आहे, आईच्या पुढे. बाहेर जाताना जोडीला कुणी लागणारच असेल तर पळायची जोडी त्याची आणि माझी होती, आईची नव्हे. ती ऐकणार नाही, मला ठाऊक आहे. मीही तिचाच मुलगा आहे.

तू आईवरचा राग सोड. एवढं माझं ऐक, मग मैदान मारलंस की मला सगळं मिळालं. पळताना तोंडानं श्वास घेऊ नकोस, नाकाला रुमाल बांध, गोळी मैदानाच्या आदल्या रात्री अजिबात घेऊ नकोस.

हे पत्र पोचेल तेव्हा इथलं जे व्हायचं ते होऊन गेलं असेल. रविवारी फोन हातात आला की आधी आईला मागून घे आणि घरात कोण कोण आहे ते विचार. आयुष्यात एकदाच खोटं वागली ती, आता वागणार नाही. तिनं तीन नावं सांगितली तर येऊ नकोस. दोनच सांगितली तर कोणती दोन, ते नीट ऐक. एकच, तिचं स्वतःचं सांगितलं, तर मी त्याच्या जोडीला गेलो असं समज. आणि फोन आईनं उचललाच नाही, मी उचलला, तर माझ्याशी बोलत राहा, लगेच ठेवू नकोस.

अजून तरी तुझाच,
गोकुळदादा