आधी पाठवणी, मग बोलावणं

१२ जानेवारी, सोमवार
पुण्याची शूटिंगवाली मंडळी काल रिसोडात उतरली. जनरेटर, लाइट, वायरी, खुर्च्या, सगळं आपलंच. सायकलवर भोंगा बांधून बारशापासून भाषणापर्यंत फिरलो, पुढं मंडप घेतला, साउंड घेतलं, पण पिक्चरचं काम पहिल्यांदाच.
त्यांना घर हवं होतं. मातीच्या भिंती, मागं परसदार, परसाला लागून शेत. मी रिठदचं बाईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं घर दाखवलं. डायरेक्टर पोरसवदा आहे. दारातच म्हणाला, "काका, हेच."
मग स्टोरी सांगितली. घरातली थोरली पोरगी मरते. आईला सहन होत नाही, ती मेलेलीला हाक मारून बोलावते. ती येते, अन् धाकटीच्या अंगात शिरते. शेवटी मांत्रिक तिला पाठवून देतो.
स्टोरी आधी विचारायला हवी होती. बाईची थोरली, प्रज्ञा, जाऊन वर्ष नाही झालं. डेंग्यू. वाशीमच्या वाटेवर गाडीतच गेली. धाकटी करुणा बारावीला आहे.
दाजींना बाजूला घेतलं. नको असेल तर नाही म्हणा, मी दुसरं घर पाहतो. दाजी बाईकडं पाहत राहिले.
बाई म्हणाली, "येऊ दे माणसं. घर खायले उठते."

१३ जाने.
मधल्या खोलीत देव्हारा उभा राहिला. थर्माकोलचा, वरून रंग. हात लावेपर्यंत सागवान वाटतो. आमच्या बापानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले, हे ऐकतच आम्ही भावंडं वाढलो. बाईच्या सासरीही तेच. आता भिंतीवरच्या तसबिरी चादरीत गुंडाळून पलंगाखाली, अन् कोपऱ्यात कळस, हळद, लिंबं.
दाजी म्हणाले, "सुभाष, माह्या घरात देव आले. ते बी थर्माकोलचे."
"भाड्याचे हायेत दाजी. जातीन परत."
हसलो दोघंही.

१५ जाने., गुरुवार
शूटिंग सुरू. पहिलाच सीन कोणता, तर शेवटचा. पाठवणीचा. म्हटलं, "साहेब, कापणी आधी अन् पेरणी मागून?" डायरेक्टर हसला. मांत्रिकाचं काम करणाऱ्याला उद्या परत जायचं आहे, म्हणून त्याचं आधी उरकायचं. यांच्यात असंच चालतं म्हणे, मागचं पुढं, पुढचं मागं, नंतर जोडून घेतात.
सीन असा. धाकटी उंबऱ्याशी उभी. तोंड बाहेर. म्हणते, "माय, मी चालली. मागून हाक मारू नको." आईनं "जाय" म्हणायचं. तो शब्द आईच्याच तोंडून यावा लागतो, तोवर मेलेलीला उंबरा ओलांडता येत नाही. मग धाकटी उंबरा ओलांडते अन् पडते. मोकळी होते.
परत परत घेतला. बाई अन् करुणा चुलीपाशी बसून पाहत होत्या. साउंडवाल्या पोराशी आपली गट्टी जमली, त्यानं मलाही एक हेडफोन दिला. काय ऐकू येतं त्यातून. चुलीतलं लाकूड तडतडलेलं, नटीनं आवंढा गिळलेला. मला तसंही जरा जास्तच ऐकू येतं, बायको, रेखा, म्हणते तुमच्यासमोर मनातसुद्धा बोलायची सोय नाही.

१७ जाने.
घोळ. आईचं काम करणारी नटी पुण्याची. अभिनय चांगला, पण हाक मारते ती सोसायटीत रिक्षा थांबवल्यासारखी. तेवढ्यात बाईनं परसातून करुणाला हाक मारली. डायरेक्टरचे कान टवकारले. "काका, मला हीच हाक पाहिजे." नटी पाठमोरी उभी राहणार, आवाज बाईचा.
मी नाही म्हटलं. ते काम तिला सांगू नका.
बाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "काय म्हणाचं ते सांगा."

१९ जाने., सोमवार
बोलावण्याचा सीन. दुपारी घेतला, खिडक्यांना काळे कपडे लावून संध्याकाळ केली. जमिनीवर पीठ पसरलं, त्यात दिवा, समोर वाढलेलं ताट. परसदार उघडं. पिक्चरमधल्या मेलेल्या पोरीचं नाव गौरी.
बाई दाराआड उभी. सुरुवातीला बरोबर म्हणाली. "गौरे, ये व माय. जेवाले ये."
डायरेक्टर म्हणाला, आणखी आतून येऊ द्या.
मग बाई परसदाराकडं वळली अन् म्हणाली, "प्रज्ञे. ये व माय. ताट वाढलं."
हेडफोन काढून फेकावासा वाटला. पुण्याची नटी खरंच रडायला लागली. डायरेक्टर म्हणे, "कमाल. ओके." त्याला म्हटलं, नाव चुकलं. म्हणाला, डबिंगमध्ये बदलू, हाक राहू द्या.
त्यानंतर सगळ्यांना हलू नका, बोलू नका सांगितलं. रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवतात, जोडायला लागते. सगळे पुतळे. त्या शांततेत मला परसातून चपला फरफटत येत असलेल्या ऐकू आल्या. प्रज्ञा तशी चालायची, बाई कायम ओरडायची, टाचा घासशील म्हणून. चपला दारापर्यंत आल्या अन् थांबल्या.
पाहिलं तर करुणा. क्लासवरून आलेली. शूटिंगच्या पोरानं तिला कोपऱ्यावरच थांबवून सांगितलं होतं, आवाज नको. चपला तिच्या हातात होत्या.
साउंडवाल्याला विचारलं, काही आलं का? म्हणाला, नाही काका, स्वच्छ आहे.

२१ जाने.
पॅकअप. ट्रक गेले. देव्हारा मात्र बाईनं काढू दिला नाही. आर्टवाला पोरगा घाईत होता, राहू द्या म्हणाला.
मी समजवायला बसलो. बाई भाकरी थापतच बोलत होती.
"त्यायनं तिले बोलावलं. पाठवलं कोनं?"
"पाठवणी झाली ना बाई. पहिल्याच दिशी. तू होती तिथं."
"ते आंधी झालं. आंधी धाडली, मंग बोलावली. म्हंजे आता ती घरातच हाये ना?"
मग हसलो, म्हटलं, बाई, पिक्चर हाये ते. तीही हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. अन् मला ते आवडलं नाही.

२७ जाने., मंगळवार
तुरीचे पैसे आणायला दाजी रिसोडला आले, दुकानावर बसले. चहा तसाच निवू दिला. बाई करुणाला प्रज्ञा म्हणते. चुकून नाही, रोज. "अन् पोट्टी ओ देते," म्हणाले.

३० जाने.
करुणा हॉलतिकिटाची झेरॉक्स काढायला आली होती. वडापाव खाऊ घातला अन् विचारलं, हे काय चाललं आहे.
"मामा, ओ देली का माय जेवते. नाई देली का ताट तसंच राह्यते."
"अन् तुही परीक्षा?"
"प्रज्ञी त पास झाली होती बारावी. मंग मले कायचं टेन्शन?"
असं म्हणून खळखळून हसली. मीही हसलो. पोरगी गुणी आहे, आईसाठी नाटक करते आहे, एवढंच. रेखालाही तसंच सांगितलं.
ती फाटकाबाहेर गेली, तेव्हा पायांचा आवाज ऐकत बसलो होतो. नीट उचलून टाकत होती. हो, नीटच.

४ फेब्रुवारी
दाजींचा फोन. लगेच ये.
करुणा दारात बसून गहू निवडत होती. अंगात प्रज्ञाचा निळा ड्रेस. मी फाटकातून हाक मारली, "करुणा." हात चालूच. जवळ जाऊन परत मारली. मान वर नाही. शेवटी खांद्याला हात लावला तर म्हणाली, "काय सुभामामा, कवा आले?"
सुभामामा मला प्रज्ञाच म्हणायची. करुणा नुसतं मामा म्हणते. पण एका घरात वाढलेल्या बहिणी, एकीचं दुसरीला ठाऊक असणारच.
दाजी गोठ्यामागं घेऊन गेले. त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. "एक त गेली. हे दुसरी तरी माही राह्यली का नाई, तेवढं सांग. दोन रोज झाले, करुणा म्हटलं का हे पाहतच नाई माह्याकडं."
बाई आत ताटं मांडत होती. चार. मला धरून, असं समजलो. मग म्हणाली, "तू जेवतं का सुभाष? तुह्यं बी वाढतो."

५ फेब्रु.
रेखाचं म्हणणं सरळ आहे. पोरीला इकडं आणा, परीक्षेपुरतं तरी. तिथून हलली की येईल ठिकाणावर. मला पटतं. पण बाई सोडत नाही. परवाच दाजींनी पिशवी भरली होती, बाईनं सगळे कपडे परत घडी करून ठेवले. "ती कुठी जात नाई. तिले पाठवलं का कोनं?"
म्हणजे गाठ तिथंच आहे.

६ फेब्रु., शुक्रवार
डायरेक्टरला फोन केला. एक सीन परत घ्या, पाठवणीचा, जनरेटर फुकट देतो. म्हणाला, "काका, एडिट चालू आहे, सुंदर जमलंय, आता कशाला?" काय सांगणार.
मग ठरवलं, मीच करतो. सगळा सीन कानात पाठ आहे. दोन लाइट, एक माइक, फोनचा कॅमेरा. बापाची आठवण झाली. ज्यानं देव नदीत सोडले त्याचा पोरगा भूत काढायला निघाला, तेही शूटिंग करून. पण बाईची गाठ आहे, बाईला पटेल तशीच सोडवली पाहिजे.
बाईला सांगितलं, शूटिंगवाल्यांना तेवढा एक तुकडा परत पाहिजे, करुणाच करेल. अन् तो झाला की करुणा माझ्याबरोबर रिसोडला, पेपर होईपर्यंत. भांडेल वाटलं होतं. बाई म्हणाली, "बरं."

८ फेब्रु., रविवार
दुपार. लाइट लावले. दाजी चुलीपाशी बसले. करुणाला ड्रेस बदल म्हटलं, तिचा स्वतःचा, पिवळा. बदलून आली. उंबऱ्याशी उभी केली, तोंड बाहेर. बाई तिच्या मागं. मी कानाला हेडफोन लावला. सवय म्हणा, नाही तर आधार म्हणा.
डायलॉग सांगायला तोंड उघडलं तर पोरगी बोललीसुद्धा. "माय, मी चालली. मागून हाक मारू नको." एक अक्षर इकडंतिकडं नाही.
बाई बोलेना. बाहेर पाखरं, दाजींचा श्वास, सगळं ऐकू येत होतं. मी हातानं खुणावलं, म्हण. बाईनं पोरीच्या पाठीवर हात फिरवला. मग स्पष्ट म्हणाली,
"जाय करुणा."
पोरगी उंबरा ओलांडून गेली. पडली नाही. पडायचं मी सांगितलंच नव्हतं. सरळ गाडीत जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेऊन.
दाजींनी डोळे पुसले. त्यांना वाटलं, झालं. माझा हात धरून म्हणाले, "तिनं करुणा म्हटलं गा. आईकलं ना?" मी हो म्हटलं. बाई आत जाऊन दिव्यात तेल घालत होती. आमच्याकडं वळून पाहिलं नाही.
रिसोड येईपर्यंत मनाशी घोकत होतो. करुणाच रिसोडला निघाली होती. मग आईनं दुसरं काय म्हणायचं? जाय करुणाच म्हणणार.

१२ फेब्रु.
पोरगी बरी आहे. पेपरला जाऊन आली, सोपा होता म्हणाली. रेखाला कामात मदत करते. भरपेट जेवते. रेखा म्हणते, उगाच घाबरलो आपण.
चारच्या सुमाराला बाईचा फोन. आवाज मोकळा, पूर्वीसारखा. गव्हाचं विचारलं, दुकानाचं विचारलं. मग म्हणाली, "प्रज्ञा जेवली का?"
म्हटलं, "बाई, करुणा हाये इथं."
"करुणाले त म्या धाडली. तुह्या समोर. तू त कानाले लावून बसला होता."
मग तिनं बजावलं, "रातच्याले तिले दूध देत जाय. प्रज्ञीले चहा मानवत नाई." अन् फोन ठेवला.
पोरगी मागच्या ओसरीत मोठ्यानं वाचत होती, केमिस्ट्री. वाचताना घोगरट होतो तो आवाज, दोघींचाही व्हायचा. उभा राहून ऐकलं. माझ्या कानांना आजवर माणूस ओळखता आला नाही असं झालेलं नाही.
रेखा आतून म्हणाली, "अहो, हाक मारा तिला, चहा झाला."
मी कप घेऊन स्वतःच ओसरीत गेलो. तिच्यासमोर ठेवला. तिनं कपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् परत वाचायला लागली.
चहा तसाच आहे अजून. आज दिवसभरात मी तिला नावानं हाक मारलेली नाही.