जगदीशिन

२ एप्रिल २०२४
मालवणहून परत लखनौला. स्पंज सुखरूप. पद्मिनीने विचारलं, भांडी घासायचा का? बावीस वर्षं शास्त्रज्ञाच्या घरात नांदूनही हा प्रश्न. समजावून सांगितलं की स्पंज हा समुद्रातला प्राणी. खडकाला चिकटून जन्म काढतो. पळता येत नाही, चावता येत नाही, म्हणून अंगात विष बाळगतो. त्याच विषातून उद्या माझं कॅन्सरचं औषध निघणार.

काचेच्या बरण्या जातानाच गाडीत फुटल्या. पण प्रसंगावधान राखलं. मेव्हणीने कोकम आगळाचा प्लास्टिकचा कॅन दिला होता. तो रिकामा केला, त्यात स्पिरिट भरलं आणि स्पंज बुडवला. पद्मिनीने आधी आगळाची चौकशी केली, मग माझी.

संकल्प: पाचला उठणे. गोड बंद. नेत्रावर न ओरडणे.

११ एप्रिल
उठलो नाही. कूलरचा आवाज.

नेत्रा माझी पीएचडीची विद्यार्थिनी, पाचवं वर्ष. वडील सुभेदार हणमंतराव, मूळचे साताऱ्याकडच्या कोरेगावचे, नोकरी इथल्या छावणीत. पोरगी इथेच वाढली. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. तिने स्पंजचा अर्क कॅन्सरच्या पेशींवर घातला होता. आज बघितलं तर झाडून सगळ्या मेलेल्या! इतका आनंद मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता. नेत्राला शाबासकी देणार होतो, पण मुलं डोक्यावर बसतात. म्हणून बाटल्या नीट धुतल्या नाहीत यावरून सुनावलं.

६ मे
अर्कातून शुद्ध पदार्थ निघाला! रंगहीन, तेलकट आणि भरपूर. नेत्रा म्हणाली, सर, इतना सारा कैसे? बाकीच्यांना ढीगभर स्पंजातून चिमूटभर मिळतं म्हणे. मी म्हटलं, बाकीच्यांना.

अशा पदार्थांना ज्या प्राण्यात सापडले त्याच्या नावाला 'इन' जोडून नाव देतात. पण प्राण्याचं काय कर्तृत्व? नाव ठरलं: जगदीशिन.

ऑगस्टमध्ये संस्थेत मोठा सेमिनार. तिथे जाहीर करणार. मग माझी बढती आणि नेत्राचा थीसिस, दोन्ही एका दगडात.

२१ मे
नेत्रा आलेख घेऊन आली. तोंड पडलेलं. म्हणे, सर, ये तो plasticizer लग रहा है. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घालतात ते तेल. कॅनमधून स्पिरिटमध्ये उतरलं असेल, असा तिचा अंदाज. एक blank करूया म्हणाली. म्हणजे त्याच कॅनमध्ये स्पंज न घालता नुसतं स्पिरिट ठेवायचं आणि तपासायचं.

रिकामा कॅन तपासायचा! पाच वर्षं मी हिला काय शिकवलं? तिला सांगितलं की मोठ्या शोधाला आधी लोक हसतातच, पण निदान घरच्यांनी तरी हसू नये. ती म्हणाली, सर, मैं हँस नहीं रही हूँ. हट्टी आहे. कॅन घरी आणला. पद्मिनीने त्यात फिनेल भरलं. विषय संपला.

१५ जून
उकाडा असह्य. लॅबमध्ये वीज येते-जाते, मी हज़रतगंजमध्ये. सेमिनारसाठी बंदगळा शिवायला टाकला. शिंप्याने विचारलं, बेटे की शादी है? मी नुसता हसलो. कळेल त्याला पेपरमध्ये.

सौरभ (आमचा मुलगा, दहावी) म्हणाला, पापा, बैंडवाले लगोगे. मराठीत बोल म्हटलं तर तेच मराठीत बोलला.

पहाटेचं उठणं पावसाळ्यापासून.

१४ जुलै
नेत्राचं नवीन खूळ. सौरभच्या शाळेत दाखवायला स्पंजचा एक तुकडा बर्फात आणला होता. सौरभने नाक दाबलं, म्हणून लॅबच्या फ्रीजमध्ये टाकलेला. नेत्राने मला न विचारता त्यातून एक काळपट हिरवी बुरशी वाढवली आहे. काचेच्या प्लेटमध्ये, अगदी लाडाने. बुरशी ज्या पाण्यात वाढते त्याच्या नुसत्या थेंबाने पेशी मरतात म्हणे! तिचा सिद्धांत असा की विष स्पंज करतच नाही, त्याच्या पोटात राहणारी ही बुरशी करते. मग जगदीशिन काय करतं? यावर तिने plasticizer चा आलेख पुढे केला. ते मला आवडलं नाही.

लखनौचा जुलै. माझ्या कपाटातल्या बुटांवर बुरशी, निशातगंजच्या पावावर बुरशी. बुरशी कुठे नाही? याला contamination म्हणतात. म्हणजे घाण.

२ ऑगस्ट
सेमिनारआधी डायरेक्टरांची फेरी. लॅब चकाचक हवी. सगळ्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये घालायला सांगितलं. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊ, आत गेलेलं काही जिवंत बाहेर येत नाही. नेत्रा म्हणाली, सर, एक प्लेट रख लूँ? बस एक. आज एक ठेवली तर उद्या दहा. नाही म्हटलं. तुकडाही फेकायला लावला.

शिस्त म्हणून तिच्याच हातून करून घेतलं. झाकण उघडेपर्यंत तिथेच उभी होती. डोळे लाल. वाफेने असेल.

डायरेक्टर आलेच नाहीत. त्यांना ताप.

२२ ऑगस्ट
सेमिनार.

सविस्तर लिहितो. बंदगळा उत्तम बसला, फक्त श्वास घेता येत नव्हता. हणमंतराव सुट्टी काढून आले होते, रेजिमेंटचा ब्लेझर, हातात कंदी पेढे, सगळ्यात मागच्या रांगेत ताठ. लेकीचं काम जाहीर होणार म्हणून. मी जगदीशिनचा पडदा उघडला. टाळ्या व्हायला हव्या होत्या. पहिल्या रांगेत गोव्याहून आलेल्या डॉ. विभा. आयुष्य समुद्रातल्या विषांत गेलेलं, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी आलेख एकदाच पाहिला आणि मराठीत, हळूच विचारलं की डॉक्टर, स्पंज कशात ठेवला होता? मी म्हटलं, कॅनमध्ये. कसला? प्लास्टिकचा. blank केला होता?

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बंदगळा फार घट्ट झाला.

मी सांगितलं की blank ही विद्यार्थिनीची जबाबदारी होती. यात खोटं काय? प्रयोग तीच करते. नेत्राला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. सगळे माना वळवून तिच्याकडे बघत होते, मागच्या रांगेतूनही. गुरूने शिष्याला कधीतरी असं उन्हात उभं करावंच लागतं, त्यानेच माणूस घडतो.

विभाबाईंचं मात्र संपेना. म्हणाल्या की हे तेल आहे प्लास्टिकमधलं, पण त्याने पेशी अशा मरत नाहीत. अर्कात दुसरं काहीतरी फार जालीम असणार, अगदी कणभर. स्पंजातून एखादी बुरशी मिळाली का? मिळाली असेल तर जिवापाड जपा, खरा खजिना तो. मी म्हटलं, बघतो. नेत्रा अजून उभीच होती. बस म्हणायचं राहून गेलं.

फाटकाशी हणमंतराव भेटले. हात जोडून म्हणाले, पोरीचं चुकलं आसंल सर, पदरात घ्या. फौजी माणूस, चूक मान्य करायला लाजत नाही. नेत्राने हे गुण घ्यायला हवे होते.

पेढ्यांचा पुडा मला दिला. पेढे चांगले होते. गोड बंदचा संकल्प सोमवारपासून.

३० सप्टेंबर
स्पंज अर्क काढण्यातच संपला. मालवणच्या पाणबुड्याने त्याच खडकावरून नवा पाठवला, काचेच्या बरणीत. बुरशी नाही. आणखी एक मागवला. नाही.

आज अचानक सुचलं. लॅबमध्ये त्या प्लेटा उघडल्या जात होत्या तेव्हा मी तिथेच वावरत होतो. बुरशी हवेतून पसरते. माझ्या बुटांवरची बुरशीही काळपट हिरवीच आहे!

बूट पिशवीत घालून लॅबमध्ये नेले. नेत्रा रजेवर, म्हणून स्वतःच खरवडले. सौरभने आईला सांगितलं, मम्मी, पापा जूते पर रिसर्च कर रहे हैं. दूरदृष्टी घरात कुणालाच नाही.

१२ ऑक्टोबर
बुटांच्या बुरशीचा निकाल. पेशी मेल्या नाहीत. उलट जास्त वाढल्या.

२५ ऑक्टोबर
नेत्राची समिती. जगदीशिन बाद, बुरशी नाही, मग थीसिसमध्ये उरलं काय? नव्याने काम करा म्हणाले. पण फेलोशिप याच महिन्यात संपते. मुदत वाढवावी का, असं समितीने गाइड म्हणून मला विचारलं. मी तोलून मापून बोललो: मेहनती, पण निर्णयशक्ती कमी. प्रामाणिक मत दिलं. भावनेच्या भरात वाहून जाणारा गाइड मी नाही. मुदत मिळाली नाही.

नेत्रा लॅबच्या किल्ल्या द्यायला आली. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली. म्हणाली, सर, मी फक्त एक प्लेट मागितली होती.

उच्चार अगदी स्वच्छ, सातारी वळण. मी मनापासून कौतुक केलं. ती किल्ल्या टेबलावर ठेवून गेली.

जेवलो नाही. पेढे खाल्ले म्हणून नव्हे, ते कधीच संपले.

१८ नोव्हेंबर
बढतीची यादी लागली. माझं नाव नाही. पण डायरेक्टरांनी बोलावलं. 'प्लास्टिकमुक्त परिसर समिती'चा संयोजक मी! म्हणाले, आपसे बेहतर कौन समझेगा. उपस्थित सगळे हसले. आनंदाने असावेत.

पद्मिनीला सांगितलं. ती आत गेली, फिनेलचा कॅन घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला आणि पोळ्या करायला गेली.

१८ फेब्रुवारी २०२५
अमौसी विमानतळ, लखनौ. दिल्लीला प्लास्टिकवरच्या कार्यशाळेला निघालो. पाचला उठलो, संकल्प पूर्ण. (विमान होतं म्हणून.)

काउंटरवर नेत्रा. विमान कंपनीचा गणवेश, केसांचा घट्ट अंबाडा, कोटावर नावाची पट्टी. मला बरं वाटलं, पोरगी मार्गाला लागली. म्हटलं, आमच्या समितीत सहायकाची जागा निघेल, अर्ज कर. तिने माझं ओळखपत्र पाहिलं, जणू नाव नव्यानेच वाचते आहे. बॅग वजनाला ठेवायला सांगितली. मग सगळ्या प्रवाशांना विचारतात ते विचारलं: सर, बैग में कोई ज्वलनशील या ज़हरीला पदार्थ?

मी म्हटलं, नाही.

ती म्हणाली, मालूम है सर. चिठ्ठी चिकटवली, बॅग पट्ट्यावर ढकलली आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

विमानात बसून लिहितो आहे. बॅगेत समितीच्या कापडी पिशव्या आणि बंदगळा. बाकी खरंच काही नाही. सीट मधली दिली.