थैलीतली मधाची बाटली

मंगळवार, संध्याकाळ

मधाची बाटली अजून थैलीतच आहे. बाहेर काढायला हात धजत नाही.

सकाळी दवाखान्यात माझी सून दीपाली बाळंत झाली. मुलगा. सिस्टरनं बाळ पुसून माझ्याकडे दिलं आणि ती दुसऱ्या बाईकडे गेली. दीपाली म्हणाली, "आई, अंगावर घेऊ का त्याला?"

"थांब गं जरा. सुमी येऊ दे."

आत्यानं मध चाटवल्याशिवाय आमच्याकडे बाळाला पाजत नाहीत. माझी लेक सुमी मोहोपाड्याहून निघाली होती. बाळ रडून रडून माझ्या मांडीवर झोपलं. सिस्टरनं दारातून विचारलं, "पाजलं का?" मी हो म्हटलं. दीपालीसमोर. का म्हटलं?

मग दीपालीच्या खालची चादर रक्तानं भिजलेली दिसली. सिस्टर धावत आली. पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, बाळ माझ्याकडून घेऊन तिच्या छातीला लावलं. म्हणाली, "बाळ ओढायला लागलं की गर्भाची पिशवी आवळते, मावशी. रक्त थांबायला मदत होते." थांबलं. थांबलं म्हणून हे लिहिते आहे.

दुपारी माझा मुलगा आला, तर दीपाली त्याला सांगते, "आई हलल्या नाय माझ्याजवळून." मधासाठी मी थांबवलं, हे तिनं सांगितलं नाही.

आत्ताच धार काढून आले. मागच्या महिन्यात म्हैस व्याली, तेव्हा रेडकू नीट उभंही राहत नव्हतं, तरी मी त्याला धरून सडाला लावलं. पोटातली वार लवकर बाहेर पडते म्हणून. हे मला लहानपणापासून माहीत आहे.

म्हशीला नाही म्हटलं मी, थांब गं जरा.