झाडलोटीचा डबा

१० नोव्हेंबर, सोमवार
सुमनला जाऊन आज तीन महिने झाले. दुपारी कोल्हापूरहून कॉलेजच्या एक मॅडम आल्या. बाहेरच्या देशांतून येणारा तयार माल खुला झाल्यापासून हुपरीच्या चांदीकामावर काय परिणाम झाला, याची पाहणी करतात. गल्लीतल्या घरांचे फॉर्म भरायला माणूस हवा होता. मी कागलच्या शाळेत क्लार्क होतो, यंदाच निवृत्त झालो, अक्षर बरं आहे, म्हणून कोणीतरी माझं नाव सांगितलं. हो म्हणालो. बायकोशिवायच्या घरात बसून तरी काय करणार.
फॉर्मचे तीन भाग. आर्थिक, सामाजिक, पर्यावरण. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन: वाढले, कमी झाले, बदल नाही.

११ नोव्हें.
पहिला फॉर्म रसूलभाईंचा. पूर्वी त्यांच्याकडे सहा कारागीर बसत. आता पैंजणाची साखळी मशीनची, बाहेरून तयार येते. हे फक्त घुंगरू लावून विकतात. धंद्यापुढे कुठली खूण करू विचारलं.
"नुकसान पण लिवा, फायदा पण लिवा. दोन्ही खरं हाय की."
एकच खूण चालते म्हणालो. ते म्हणाले, मग फॉर्म काढणाऱ्याला इकडं बसवा चार दिवस. मॅडमना फोन केला. मुख्य परिणाम कोणता तो धरा म्हणाल्या. मुख्य कोणता ते कळलं नाही. "कमी झाले" वर खूण केली.

१२ नोव्हें.
पाच घरं झाली. शेवटचं दत्ता चौगुलेचं. तो कागलला कारखान्यात दिवसपाळीला जातो, आज सुट्टी होती. त्याची बायको घरी पैंजण जोडायची. दत्ता म्हणाला, बंद झालं सगळं, आता नुसती टीव्ही बघती. ती चहा ठेवून आत गेली. पर्यावरणात, घरातला धूर: कमी झाला.

१३ नोव्हें.
समोरच्या आक्काताईंचा फॉर्म. एकट्या राहतात, पूर्वी स्वतः पैंजण जोडायच्या, बोलायला जोरकस. म्हणाल्या, आधी गटारीचं लिवा. खरंय. चांदी धुतलेलं ॲसिडचं पाणी यायचं तेव्हा गटारीच्या कडेला गवतसुद्धा नव्हतं. आता बेडूक आहेत. "त्यास्नी विचारा, ते म्हणतील लई चांगलं झालं. मला विचाराल तर नातीला पैंजण घेताना दुकानदार म्हणतोय, आज्जी हा मशीनचा घ्या, लई फिनिशिंग हाय. मलाच सांगतोय!"
मी निघालो तेव्हा म्हणाल्या, "भावजी, तुमच्या घरचा कागद कधी भरताय?" मी भरू म्हणालो. त्या आणखी काही बोलणार होत्या. मग दार लोटलं.

१४ नोव्हें.
आमच्या घरचा कागद घेऊन बसलो.
घरातील कामगार: सुमन. काम: कड्या जोडणे, डाक लावणे, म्हणजे ज्योतीवर सांधा वितळवून बसवणे; धूर त्याचाच. किती वर्षं: अठ्ठावीस. काम बंद कधी: तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर. मशीनचा माल आला, व्यापाऱ्याने हाताचं काम देणं थांबवलं. सुमनची छाती भरून यायची, डॉक्टर तेव्हा म्हणतच होते की हा धूर थांबवा. माधुरीने, आमच्या मुलीने, आईशी भांडून पाहिलं होतं. काम परस्परच बंद झालं. तेव्हा खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. गल्ली हळहळत होती आणि मी मनात
धूर बंद झाला. तरी सुमन बरी झाली नाही. डॉक्टर म्हणाले, जुनी इजा आहे. चौकोन कोराच ठेवला.

१५ नोव्हें.
सकाळी केर काढला आणि नेहमीप्रमाणे मागच्या दाराजवळच्या डब्यात टाकला. टाकल्यावर लक्षात आलं. हुपरीत केर कोणी बाहेर टाकत नाही, त्यात चांदीचा कीस असतो. हात धुतलेलं पाणीसुद्धा ठेवतात. पण आमच्या घरात तीन वर्षं चांदी आलेली नाही. काम बंद झालं तेव्हा पिराजी झारेकरी सगळी माती धुवून चांदी काढायला घेऊन गेला होता. हा डबा त्यानंतरचा. म्हणजे मी आणि ती, दोघं तीन वर्षं नुसती धूळ जमवत होतो. हसू आलं. सांगायला कोणी नव्हतं.

१७ नोव्हें.
पिराजी गल्लीत आला होता. त्याला म्हणालो, या डब्यात काही नाही, लांब कुठंतरी ओतून टाक. त्याने बुडापर्यंत हात घालून मूठभर माती काढली, घमेल्यात पाणी घेऊन हलवली.
"न्हाय कसं तात्या? हाय की."
मी म्हटलं, जुनं काही फटीत राहिलं असेल. त्याने माती परत डब्यात टाकली. डबा घेऊन गेला.

१९ नोव्हें.
पिराजीने चिंचोक्याएवढा चांदीचा गोळा आणून हातावर ठेवला. वरची माती धुतली त्यात काही नव्हतं म्हणाला. खालच्या मातीत सगळं. फटीतलं एवढं निघत नाही, हे रोजच्या कामाचं आहे. आपला वाटा घेऊन तो गेला.
वरची माती म्हणजे या उन्हाळ्यापासूनची. सुमन अंथरुणाला खिळली तेव्हापासूनची. त्याखालची
जेवलो नाही.

२० नोव्हें.
आक्काताईंकडे गेलो. गोळा दाखवला. त्यांनी पदराने तोंड पुसलं.
"तुमची आठची कागलची गाडी गेली की बसायची. मागच्या दारात. मला शप्पथ घातलीती."
दोन वर्षं तरी बसत होती. काम रसूलभाईंचं. त्या मशीनच्या साखळीला घुंगरू लावायला डाक लागतोच. मजुरी आधीच्या निम्मी.
संध्याकाळी मी घरी यायचो तेव्हा रोज धूप लावलेला असायचा, दुसरा कसला वास यायचा नाही. पूर्वी ती फक्त गुरुवारी लावायची. मला वाटलं, आजारपणामुळं देवाधर्माला लागली. एकदा तसं म्हणालोही. ती म्हणाली, "व्हय, आता वेळ मिळतोय की."

२१ नोव्हें.
रसूलभाईंकडे. मी काही बोलायच्या आधीच त्यांना कळलं. खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले.
"मी न्हाय म्हटलं, तात्या. दोनदा म्हटलं. वैनी दारातनं हलंनात. म्हणाल्या, हात रिकामा राहिला की छाती जास्त भरतीय."
मग खाली बघून म्हणाले, मशीनच्या साखळीवर डाक दिसू न देणारा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. म्हणून मीही शेवटी दिलं. ते खोटं बोलत नव्हते.
रागवायला गेलो होतो. चहा पिऊन आलो.

२२ नोव्हें.
काही हिशेब लागत नाही. बाहेरचा माल आला नसता तर तिने हेच काम माझ्यासमोर केलं असतं, आणि माधुरीने कदाचित सोडवलं असतं. माल आला म्हणून काम सुटलं असं आम्ही धरून चाललो, डॉक्टरनाही मीच तसं सांगितलं. त्यांनी औषध त्या हिशेबाने दिलं. साखळी परदेशातली, धूर माझ्या घरातला. हे आर्थिकमध्ये लिहायचं की पर्यावरणात? आणि ती पैशासाठी बसत होती की बसल्याशिवाय राहवत नव्हतं म्हणून? माझा पगार येत होता. कमी पडत होता का? तिने कधी
आणखी एक. आक्काताई सोडल्या तर मी सगळे फॉर्म पुरुषांना विचारून भरलेत.

२३ नोव्हें.
मॅडमना फोन केला. आमच्या घराची माहिती नक्की नाही म्हणालो. "असू दे सर, एक फॉर्म नसला तरी चालेल." त्या चांगल्या स्वभावाच्या आहेत.
माधुरीचा पुण्याहून फोन आला. जेवलास का विचारलं. मग आपणहून म्हणाली, "बरं झालं बाबा, निदान शेवटची तीन वर्षं आई धुरात नव्हती." मी हं म्हणालो.

२४ नोव्हें., सोमवार
मॅडम फॉर्म न्यायला आल्या. शुक्रवारपर्यंत राहू द्या म्हणालो, काही उत्तरं परत विचारायची आहेत. त्यांना आश्चर्य वाटलं, पण ठेवून गेल्या.

२५ नोव्हें.
सकाळी केर काढला. डब्यातच टाकला.
साडेबाराला दत्ता चौगुलेच्या घरी गेलो. दत्ता कामावर. दार आतून लावलेलं. टीव्हीचा आवाज मोठा होता. कडीला हात लावला तेवढ्यात धुपाचा वास आला. भर दुपारी, मंगळवारी.
कडी वाजवली नाही. वाजवली असती तर ती काय म्हणाली असती, आणि मी ते कुठल्या चौकोनात लिहिलं असतं. नाही वाजवली तर दत्ताच्या फॉर्मवर माझ्याच अक्षरात "कमी झाला" आहे.
पायरीवर थोडा वेळ उभा राहिलो. आतून खोकला आला. एकदाच. टीव्हीतला असेल.
घरी आलो. दोन्ही कागद समोर आहेत, दत्ताच्या घरचा आणि आमचा. शुक्रवारला तीन दिवस आहेत.